वसंताची नोंद : दख्खनच्या रानातील पक्षिनिरीक्षणाचा इतिहास

भारतीय कालगणनेत चैत्र आणि वैशाख हे दोन महिने वसंताचे मानले जातात; परंतु सह्याद्रीच्या पूर्वेला पसरलेल्या दख्खनच्या पठारावर या ऋतूचे रूप संस्कृत काव्यातील वसंतवर्णनांशी अर्धेमुर्धेच जुळते. वडा-पिंपळाला तांबूस पालवी फुटते, पांगारा निष्पर्ण फांद्यांवर फुलतो, आंब्याच्या मोहराच्या जागी कैऱ्या दिसू लागतात. पण त्याच सुमारास ओढे आटतात, माळावरचे गवत वाळून जाते आणि दुपारी उघड्यावर उभे राहणे कठीण होते. पक्ष्यांच्या दृष्टीने हा ऋतू दुहेरी असतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले धोबी, भोवत्या आणि ज्वारीच्या शेतांवर तुटून पडणाऱ्या भोरड्या (म्हणजे गुलाबी मैना) मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या वाटेला लागतात, तर येथेच राहणारे वेडे राघू, नीलपंख, टिटव्या आणि तांबट याच दिवसांत घरटी करतात. इंग्लंडमध्ये वसंताची चाहूल दक्षिणेकडून परत येणाऱ्या पक्ष्यांवरून ओळखली जाते. दख्खनमध्ये मात्र बरेचसे पाहुणे निघून गेलेले असतात आणि सुगरणीसारखे अनेक पक्षी विणीसाठी अजून पावसाची वाट पाहत असतात.

अशा दिवसाचा क्रम रानात वावरणाऱ्या माणसाला नवा नसतो. पहाटे दयाळ आणि कोकीळ, सकाळी फुललेल्या झाडांवरची वर्दळ, भर दुपारी एकसुरी ठोके देणारा तांबट, कलत्या उन्हात उरल्यासुरल्या पाण्यावर उतरणारी तित्तरे आणि पारवे, आणि अंधार पडल्यावर रातव्याचा आवाज, हा क्रम शतकानुशतके फारसा बदललेला नसावा. हा दिवस कोणी, कशासाठी आणि कोणत्या साधनाने टिपून ठेवला, हे मात्र वारंवार बदलत गेले. ऋतूचे सर्वांत सूक्ष्म ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्यांनी कागद मागे ठेवला नाही, आणि ज्यांनी कागद ठेवला त्यांचे लक्ष प्रारंभी ऋतूपेक्षा पक्ष्याच्या कातड्यावर अधिक होते, ही या इतिहासातील मूळ अडचण आहे.

प्राचीन वाङ्मयात दख्खनच्या ग्रामीण भागातील पक्ष्यांचे सर्वांत जिवंत दर्शन ‘गाथासप्तशती’त घडते. हाल सातवाहनाच्या नावाशी जोडल्या गेलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील या मुक्तकसंग्रहात कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बगळी आहे, आकाशातून उतरणारा पोपटांचा थवा आहे, पिकाची राखण करणाऱ्या मुली आहेत आणि प्रवासी परतण्याची वर्दी देणारा कावळाही आहे. या गाथा शृंगाराच्या आहेत, निसर्गाच्या नाहीत, हे खरे. तरीही चांदणे पिणारा चकोर आणि पावसाच्या थेंबावर जगणारा चातक या कविसंकेतांवर पुढे अनेक शतके निर्वाह करणाऱ्या कवींपेक्षा या अनामिक गाथाकारांनी पक्षी प्रत्यक्ष पाहिले होते, असे मानण्यास जागा आहे.

दरबारी परंपरेची दृष्टी अर्थातच निराळी होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींची जी प्रकरणे आहेत, त्यांत ससाणे पाळून त्यांच्याकडून पक्षी पकडण्याच्या श्येनविनोदाचा, तसेच लाव्यांच्या झुंजींचा आणि पारव्यांच्या खेळांचा समावेश आहे. शिकारी पक्ष्याला माणसाळवायचे तर त्याचा आहार, भूक आणि उडण्याची रीत बारकाईने ध्यानात घ्यावी लागते, म्हणून अशा ग्रंथांना निरीक्षणाचे ग्रंथ म्हणणे चुकीचे ठरणार नाही; मात्र ते निरीक्षण हातावर बसलेल्या पक्ष्याचे आहे, झाडावर बसलेल्या पक्ष्याचे नाही. उत्तर पेशवाईत सवाई माधवरावाने पुण्यात पर्वतीजवळ बाळगलेला शिकारखाना, म्हणजे वन्य प्राण्यांचा संग्रह, किंवा कोल्हापूर दरबारात विसाव्या शतकापर्यंत टिकलेली पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याची प्रथा, ही याच परंपरेची पुढची रूपे होत.

दरबाराबाहेर, शेतावर आणि माळावर, निरीक्षणाला पोटाचे कारण होते. पावसाचा अंदाज बांधण्यासाठी शेतकरी वैशाखातील पक्ष्यांकडे लक्ष ठेवीत, आणि ही रीत अद्याप पूर्णपणे लोपलेली नाही. कावळ्याने घरटे झाडाच्या मधल्या भक्कम फांद्यांत बांधले तर पाऊस चांगला होईल, बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधले तर ओढ देईल. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाणी भरपूर येईल, अशा समजुती महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ऐकू येतात, आणि ‘सहदेव-भाडळी’ या नावाने प्रचलित असलेल्या लोकज्योतिषाच्या परंपरेत पाऊसपाण्याच्या अनेक खुणा एकत्र झालेल्या आहेत. मार्चपासून चढत्या स्वरात ओरडू लागणाऱ्या पावशाच्या आवाजात ‘पेरते व्हा’ हा आदेश ऐकणाऱ्या शेतकऱ्याने हा पक्षी पेरणीआधी कित्येक आठवडे ओरडू लागतो, हेही पाहिलेले असते. या अंदाजांची हवामानशास्त्रीय सत्यता तपासणे हा स्वतंत्र विषय आहे. येथे महत्त्वाचे इतकेच की, कावळ्याचे घरटे कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर आणि किती उंचीवर असते, हे दरवर्षी मुद्दाम पाहण्याची सवय या समजुतींनी खेड्यापाड्यांत जिवंत ठेवली, आणि विद्यापीठांत पक्षिशास्त्र शिकवले जाऊ लागण्याच्या फार आधी हे घडत होते.

याहून खोल ज्ञान फासेपारध्यांपाशी होते. फास लावून लावे, तित्तरे आणि ससे पकडणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, असा हा समाज विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानांवर भटकत असे. तित्तर पकडण्याची त्यांची एक पद्धत पक्ष्याच्या स्वभावावर नेमकी बेतलेली होती. विणीच्या काळात नर तित्तर आपला प्रदेश राखतो आणि पहाटे मोठ्याने ओरडून इतर नरांना आव्हान देतो. म्हणून पाळलेला नर पिंजऱ्यात घालून दुसऱ्या नराच्या हद्दीत ठेवला आणि भोवती फास मांडले, तर पिंजऱ्यातील पक्ष्याच्या ओरडण्याने चिडून आलेला रानातील नर आपोआप फासात सापडतो. पक्ष्यांच्या हद्दीची कल्पना युरोपीय पक्षिशास्त्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्धान्त म्हणून मांडली गेली. पारध्याला ती अनुभवाने ठाऊक होती आणि तिच्यावर त्याचे जेवण अवलंबून होते. ब्रिटिश राजवटीने या समाजाला गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांनी पारंपरिक उपजीविका बंद पडली आणि तिच्या जागी दुसरी मिळाली नाही. लेखी इतिहासात पारधी बहुतेक वेळा पोलिसांच्या दप्तरात भेटतो, पक्षिशास्त्राच्या ग्रंथात क्वचितच. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी ज्याच्या हातून झाली, तो अधिकारी मुळात पक्ष्यांसाठी नेमलेलाच नव्हता. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई सरकारला नव्याने मिळालेल्या मुलखाची लोकसंख्या, जमीन, पिके, बाजारभाव आणि हवामान यांची माहिती हवी होती, आणि त्यासाठी १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून नेमणूक झाली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतून फिरताना साइक्सने मोजणीच्या कामाबरोबर पशुपक्षी, मासे आणि वनस्पती यांचेही नमुने जमवले. इंग्लंडला परतल्यावर १८३२ मध्ये त्याने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांची सूची मांडली, तीत दोनशेहून अधिक जाती होत्या.

या सूचीचे मोल केवळ नव्या जातींमुळे नाही, जरी त्या महत्त्वाच्या असल्या तरी. तळ्याकाठी स्तब्ध उभी राहणारी आणि उडताच पांढरे पंख दाखवणारी ढोकरी, खडकाळ माळावरचा लावा, कड्यांवर आणि जुन्या वास्तूंवर मातीच्या वाटीसारखे घरटे बांधणारी काळपट पाकोळी, आणि डोक्यावर छोटी शेंडी मिरवणारा दख्खनचा चंडोल, या सर्वांची शास्त्रीय वर्णने साइक्सच्या नावावर आहेत, तर सातभाईंच्या कुळातील एका मोठ्या करड्या जातीला त्याने तत्कालीन गव्हर्नर जॉन माल्कम याचे नाव दिले. पण हिशेबाच्या कामाने जडलेली शिस्त त्याच्या सूचीत अन्यत्र अधिक उठून दिसते : मारलेल्या पक्ष्याच्या पोटात काय सापडले, तो कोणत्या प्रकारच्या भूभागात आढळला, थव्याने राहतो की एकटा, आणि मराठी लोक त्याला काय म्हणतात, हे तो टिपून ठेवतो. दख्खनच्या रानकुत्र्याचे वर्णन करतानाही त्याने ‘कोळसून’ हे मराठी नाव नोंदवले आहे. ही नावे त्याला सांगणारे शिकारी, शेतकरी आणि तळावरचे नोकर कोण होते, हे मात्र सूचीत येत नाही. साइक्सने पक्षी पाहिले ते मुख्यतः बंदुकीच्या नळीवरून, आणि तत्कालीन साधनांचा विचार करता त्याला पर्यायही नव्हता. हाती धरण्याजोग्या चांगल्या दुर्बिणी सर्वसामान्य वापरात येण्यास अजून बराच काळ लागणार होता. हाच साइक्स पुढे लंडनमधील सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचला.

साइक्सच्या सूचीत जाती होत्या, पण वर्षाचे चक्र पुरेसे नव्हते. ती उणीव भरून निघाली ती आज निषिद्ध असलेल्या एका छंदातून, म्हणजे अंडी जमवण्यातून. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी ज्याचे नाव जोडले जाते तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय पक्षिशास्त्राचा सर्वांत मोठा संघटक होता. १८७२ पासून त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक चालवले आणि देशभरच्या जिल्हाधिकाऱ्यांना, अभियंत्यांना, लष्करी अधिकाऱ्यांना नोंदी पाठवण्याच्या कामास जुंपले. त्यांपैकी मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि त्याचा सहकारी वेंडन यांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर एक विस्तृत लेख लिहिला, आणि पुढे डेव्हिडसनने पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादी दिली. ह्यूमने घरटी आणि अंडी यांवर जो ग्रंथ सिद्ध केला त्यात अशा निरीक्षकांनी कळवलेले विणीचे महिने जातीजातीगणिक आले. घरट्यातून अंडी उचलणाऱ्या माणसाला तारीख, जागा आणि झाड लिहून ठेवावेच लागे, कारण त्याशिवाय संग्राहकांच्या जगात त्या अंड्याला किंमत नव्हती. दख्खनमधील कोणता पक्षी चैत्रात अंडी घालतो आणि कोणता श्रावणात, याचे पहिले लेखी कोष्टक असे काहीशा क्रूर मार्गाने तयार झाले. ह्यूमचा स्वतःचा शेवट उद्वेगजनक होता : सिमल्यातील त्याच्या बंगल्यात ठेवलेली, अनेक वर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते नोकराने रद्दीच्या भावात विकून टाकली, आणि हताश झालेल्या ह्यूमने आपला प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन पक्षिशास्त्राचा संन्यास घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले.

दरम्यान १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या भायखळ्यातील वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली होती. या आठांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. समाजसुधारणेच्या इतिहासात ही दोन्ही नावे सुपरिचित आहेत, पण निसर्गाभ्यासाच्या संदर्भात त्यांची आठवण क्वचितच काढली जाते. त्याच आठांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मलेला, डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून पुढे जकात आणि मीठ खात्यात गेलेला गृहस्थ. आपल्या आद्याक्षरांवरून बनवलेल्या ‘इहा’ या टोपणनावाने तो लिहीत असे. साइक्स आणि ह्यूम यांच्या तुलनेत एटकेनने विज्ञानात घातलेली भर लहान आहे. पण व्हरांड्यातील कावळे, छपरातल्या चिमण्या आणि अंगणातले सातभाई यांच्याकडे दिवसभर नुसते पाहत बसणे हे एका सुशिक्षित माणसाचे योग्य काम असू शकते, ही गोष्ट त्याच्या मिस्कील लेखनाने रूढ केली, आणि १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील त्याच्या पुस्तकात संग्राहकाची बंदूक जवळजवळ बाजूला पडलेली दिसते. त्याचा विनोद नोकरचाकरांच्या खर्चाने होतो तेथे आज वाचवत नाही. पक्ष्यांविषयीची पाने मात्र टिकली आहेत.

सोसायटीच्या संग्रहालयातूनच सलीम अली घडले. सुमारे १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली एक पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घेण्यासाठी हा मुलगा सोसायटीच्या कार्यालयात गेला आणि तेथे सचिव मिलार्ड यांनी त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली, ही हकीकत सर्वश्रुत आहे, कदाचित आवश्यकतेपेक्षा अधिक. त्यांच्या कामाचे खरे वळण कोकणात, अलिबागजवळच्या किहीम येथे आले. जर्मनीत एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतल्यावर मुंबईत नोकरी न मिळाल्याने ते किहीमला राहू लागले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे पाहत बसले. त्यांना दिसले ते असे की नर अर्धवट घरटे विणून थांबतो, माद्या येऊन अशा घरट्यांची पाहणी करतात, एखादीने घरटे पसंत केले म्हणजे तो ते पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसताच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापलेल्या या अभ्यासासाठी पक्षी मारण्याची आवश्यकता नव्हती. उलट मारलेला पक्षी तेथे निरुपयोगी ठरला असता, कारण प्रश्न पिसांचा नसून क्रमाचा होता : आधी काय, नंतर काय, किती दिवसांनी. सुगरण लोकगीतांत आणि बोधकथांत पूर्वीपासून होती आणि तेथे घरटे बांधण्याचे श्रेय बहुधा मादीला मिळत असे. महिनोन्महिने लिहिलेल्या वेळापत्रकाने ते नराकडे वळवले. १९४१ मध्ये सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि पक्षी ओळखण्यासाठी संग्रहालयात जाण्याची गरज उरली नाही. पक्षिनिरीक्षण शहरी मध्यमवर्गाचा छंद बनले ते या पुस्तकामुळे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

तारीख आणि जागा खोटी असलेली पक्ष्याची नोंद किती घातक ठरू शकते, याचा सर्वांत बोलका पुरावा खानदेशातील रानपिंगळ्याने दिला आहे. लहान चणीचे, दिवसाउजेडी शिकार करणारे हे घुबड १८७२ मध्ये मध्य भारताच्या पूर्व भागात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला मिळाले आणि पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या थोड्याशा नमुन्यांपैकी अनेक, वर उल्लेखिलेल्या डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवले होते, आणि १८८४ नंतर हा पक्षी कोणालाही दिसला नाही. अपवाद फक्त एकाच नमुन्याचा, जो आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळवला, असे रिचर्ड माइनर्ट्झहागन या प्रख्यात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने लिहून ठेवले होते. या नोंदीवर विसंबून पुढील पिढ्यांनी रानपिंगळा चुकीच्या जागी शोधला आणि तो न सापडल्याने नामशेष झाला असावा, असे मत बळावत गेले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ महिलेने संग्रहालयातील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा माइनर्ट्झहागनचा पक्षी हा डेव्हिडसनचाच, ब्रिटिश म्युझियममधून चोरून पुन्हा नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला नमुना असल्याचे निष्पन्न झाले. कातडे सोलून भरण्याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी वेगळी असते, आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने आतली मूळची धाटणी ओळखता आली.

खोटी नोंद वगळल्यावर खऱ्या नोंदी तेवढ्या उरल्या. त्यांच्या आधारे रासमुसेन आपल्या दोन सहकाऱ्यांसह जुन्या ठिकाणांचा माग काढत शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये भर सकाळी त्यांना रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी पक्षी सापडल्याची बातमी जगभर गेली. सातपुड्यातील आदिवासींना तो या काळात दिसत नव्हता, असे मानण्याचे कारण नाही. पण त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांच्यापाशी चिठ्ठी लावलेले कातडे नव्हते. यानंतर मेळघाटात आणि पुढे ठाणे जिल्ह्यातील तानसा परिसरातही हा पक्षी आढळला. डेव्हिडसनच्या हाताने लिहिलेली तारीख आणि गाव नसते, तर या शोधाला सुरुवात करण्यासाठी जागाच उरली नसती, आणि या दृष्टीने पाहता बंदूकवाल्या संग्राहकांना सरसकट दोष देणे इतिहासाला धरून होत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात कायदे आणि अभयारण्ये आली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, कर्नाळ्याला १९६८ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि १९७२ मध्ये देशव्यापी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या काळात मराठीत निरीक्षणाचे स्वतंत्र गद्य निर्माण झाले : व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे त्याचे एक टोक, तर वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात काढलेल्या मारुती चितमपल्लींचे लेखन आणि त्यांचा ‘पक्षिकोश’ हे दुसरे. चितमपल्लींनी गोंड, कोरकू, पारधी अशा समाजांकडील नावे आणि माहिती कोशात आणली, आणि साइक्सच्या सूचीत जे अनामिक राहिले होते त्यांना शास्त्राच्या दारात निदान उभे केले. त्यांच्या लेखनात दंतकथा आणि निरीक्षण यांची सीमारेषा काही ठिकाणी पुसट होते, हा आक्षेप निराधार नाही. परंतु मौखिक ज्ञान लिहून काढणाऱ्याला ही जोखीम टाळता येत नाही.

वसंतातील एक अखंड दिवस पाहण्याची संस्थात्मक प्रथा महाराष्ट्रात याच काळात रुजली, ती बुद्ध पौर्णिमेच्या पाणवठ्यावरील प्रगणनेच्या रूपाने. वैशाखात रानातले बहुतेक झरे आटलेले असतात, त्यामुळे प्राण्यांना मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते, आणि पौर्णिमेच्या उजेडात ते रात्रीही दिसतात. या दोन गोष्टींचा मेळ घालून वनविभागाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक पाणवठ्यालगतच्या मचाणांवर सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बसून आलेल्या प्रत्येक प्राण्याची वेळ आणि संख्या लिहीत. मचाण हे मूळचे शिकाऱ्याचे साधन. पाण्यावर येणाऱ्या जनावराला टिपण्यासाठी जी जागा निवडली जाई, तीच आता वही घेऊन बसणाऱ्याला उपयोगी पडली. दुपारी होले आणि मोर, संध्याकाळी सांबर आणि गवे, मध्यरात्रीनंतर अस्वल किंवा बिबट्या असा क्रम या प्रपत्रांवर उमटतो.

या पद्धतीचे दोष उघड होते. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर किंवा एकाच पाणवठ्यावर दोनदा मोजले जाई, आणि पाण्याला उतरणाऱ्या प्राण्यांच्या संख्येवरून रानातील संख्या काढण्याचा भरवशाचा मार्ग नव्हता. वाघांच्या बाबतीत पावलांच्या ठशांवरून मोजणी करण्याची रीतही अशीच मागे पडली; १९७२ च्या देशव्यापी गणनेत तिच्या आधारे १,८२७ वाघ धरले गेले होते, तर २००६ मध्ये स्वयंचलित कॅमेरे आणि संख्याशास्त्रीय नमुना पद्धत यांच्या साहाय्याने १,४११ हा अंदाज पुढे आला, आणि पद्धतीच वेगळ्या असल्याने या दोन आकड्यांची वजाबाकी करता येत नाही. पाणवठ्यावरच्या रात्रीलाही आता महाराष्ट्राचा वनविभाग प्रगणना न म्हणता ‘निसर्गानुभव’ म्हणतो, शुल्क आकारून नागरिकांना मचाणावर बसवतो, आणि जमलेल्या आकड्यांना अधिकृत गणनेचे महत्त्व देत नाही.

तरीही त्याच पाणवठ्यावर, त्याच तिथीला, वर्षानुवर्षे लिहिली जाणारी नोंद निकामी ठरवण्यापूर्वी तिथीचाच एक प्रश्न लक्षात घ्यायला हवा. चांद्र पंचांगाप्रमाणे येणारी वैशाखी पौर्णिमा इंग्रजी तारखांत जवळजवळ महिनाभर मागेपुढे सरकते. २०१८ मध्ये ती ३० एप्रिलला आली, तर २०२४ मध्ये २३ मेला. एप्रिलअखेरीस ज्या ओढ्यात डबकी शिल्लक असतात तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोरडा पडलेला असतो आणि प्राणी मोठ्या पाणवठ्यावर एकवटतात. उलट मेमध्ये वळवाच्या सरी कोसळल्या तर रानभर पाणी साचून मचाणासमोर काहीच येत नाही. म्हणून कमी झालेला आकडा हा प्राण्यांच्या घटीचा पुरावा आहे की पावसाचा, हे ठरवायचे असेल तर प्रपत्रावर त्या पाणवठ्याची खोली, आसपासचे शिल्लक झरे आणि आधीच्या आठवड्यातील पाऊस यांचे रकाने प्राण्यांच्या रकान्याइतक्याच काटेकोरपणे भरलेले असावे लागतात, आणि ते भरण्याची सर्वाधिक पात्रता त्या बीटवर बारा महिने फिरणाऱ्या वनरक्षकाची आणि वनमजुराची असते.